गाई-म्हशींच्या अंतर्गत तपासणीचा इतिहास: हात, शस्त्र आणि दुर्बीण
(कोल्हापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

'दुर्बीण' हा मराठीत रुळलेला फारसी शब्द मूळचा दूरचे पाहण्याच्या साधनाचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र शरीराच्या आतले, म्हणजे अगदी जवळचे, पाहण्याच्या यंत्रालाही लोकांनी तोच शब्द लावला. १९८० च्या दशकात कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून लॅपरोस्कोपच्या साहाय्याने स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि 'दुर्बिणीचे' किंवा 'बिनटाक्याचे ऑपरेशन' हे शब्द खेडोपाडी पोहोचले. त्याच काळात त्याच घरच्या गोठ्यातील म्हैस आजारी पडली, तर जनावरांचे डॉक्टर तिच्या पोटाचा अंदाज बाहेरून हाताने घेत आणि आतली तपासणी करायची झाली तर गुदमार्गातून हातच आत घालीत. आजही सर्वसाधारण चित्र हेच आहे.

एंडोस्कोपी, म्हणजे शरीराच्या पोकळीत प्रकाश व भिंग नेऊन प्रत्यक्ष पाहण्याचे तंत्र, दोनशे वर्षांहून अधिक जुने आहे. मानवी वैद्यकात ते सर्वत्र पोहोचले. पशुवैद्यकात घोडा आणि कुत्रा यांच्यापर्यंत पोहोचले. गाई-म्हशींपर्यंत मात्र ते सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी आले. कोल्हापूर जिल्ह्याचे ग्रामीण अर्थकारण उसाच्या जोडीने दुधावर उभे आहे. अशा प्रदेशात हा विलंब कसा समजून घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. केवळ 'मागासलेपण' हे त्याचे उत्तर नाही. जनावराची किंमत, त्याच्या शरीराची रचना आणि पशुवैद्यकीय सेवेची घडण या तिन्हींचा त्यात वाटा आहे.

प्रकाश आत नेण्याचा प्रवास

फिलिप बोझिनी या जर्मन वैद्याने इ. स. १८०६ च्या सुमारास मेणबत्तीचा प्रकाश आरशाने वळवून शरीरात सोडणारे 'लिख्टलायटर' नावाचे उपकरण पुढे आणले. १८५३ मध्ये पॅरिसमध्ये देसोर्मो यांनी अशा उपकरणास 'एंडोस्कोप' हे नाव दिले. १८७९ मध्ये मॅक्स निट्झे यांनी मूत्राशय पाहण्याचे यंत्र तयार केले. या सर्व यंत्रांची अडचण एकच होती: नळी सरळ व ताठ, आणि शरीरातले मार्ग वाकडे. ही अडचण दूर होण्याच्या कथेत एक भारतीय नाव आहे. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडन येथे हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखविले व १९५४ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्या तत्त्वावर बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये लवचीक जठरदर्शक प्रथम वापरात आणला. १९८३ मध्ये नळीच्या टोकाशीच सूक्ष्म कॅमेरा बसविलेला व्हिडिओ एंडोस्कोप आला आणि एकाच वेळी अनेकांना पडद्यावर पाहता येऊ लागले.

या इतिहासात प्राणी आरंभापासून आहेत. परंतु रुग्ण म्हणून नव्हे. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग यांनी उदरपोकळीत हवा भरून दुर्बिणीने पाहण्याचा प्रयोग हॅम्बुर्गमध्ये सादर केला, तो जिवंत कुत्र्यावर. लॅपरोस्कोपीचा इतिहास तेथून मोजतात. रुग्ण म्हणून दुर्बिणीखाली आलेले पहिले महत्त्वाचे जनावर घोडा. धावताना घशातून आवाज करणारा घोडा लष्कराच्या आणि शर्यतीच्या दृष्टीने निकामी. त्याचा घसा पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच प्रयत्न सुरू झाले आणि १९७० च्या दशकात लवचीक दुर्बीण घोड्यांच्या दवाखान्यातले नित्याचे साधन झाली. गाईच्या बाबतीत १९५६ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या नियतकालिकात एक लेख आला. त्यात उदरदर्शनाने गाईची बीजांडे, बीजवाहिन्या व गर्भाशयाची शिंगे पाहिल्याचे वर्णन आहे. म्हणजे तंत्र उपलब्ध होते, पण पुढील कित्येक दशके ते संशोधनापुरतेच राहिले.

घोड्याकडून गाईकडे

हा क्रम आकस्मिक नाही. भारतीय परंपरेतही शालिहोत्राचे अश्वशास्त्र आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद यांना जी प्रतिष्ठा लाभली ती राजदरबार आणि सैन्य यांच्यामुळे. ब्रिटिश अमलातील पशुवैद्यकाची मुळेही लष्करी घोड्यांच्या तबेल्यात आहेत. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी 'सर्रा' रोगाचा परजीवी शोधला, तो घोडे व उंट यांच्या रक्तात. कोल्हापूर संस्थानातही हत्ती, घोडे आणि शिकारी चित्ते हे दरबारचे वैभव होते. राजर्षी शाहू महाराजांची या प्राण्यांविषयीची आवड सर्वश्रुत आहे आणि शहरातील साठमारीची जागा आजही त्या काळाची खूण सांगते. अशा जनावरांना माहूत, मोतद्दार व वैद्य असत. कुणब्याच्या बैलाला डागणी, झाडपाला आणि गावातला जाणता माणूस.

गाईबैलांकडे सरकारचे लक्ष गेले ते साथींमुळे. बुळकांडीची साथ आली की गावेच्या गावे बैलांवाचून राहत, पेरणी खोळंबे आणि शेतसारा बुडे. १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे सर दिनशा पेटिट यांच्या देणगीच्या आधाराने पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी त्याआधीच बैलांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला होता. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व काही वर्षांतच ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे १९२७ मध्ये जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीची बकऱ्यांच्या ऊतींतून केलेली लस सिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम चालली. भारतात शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये नोंदला गेला आणि २०११ मध्ये जगातून हा रोग नष्ट झाल्याचे घोषित करण्यात आले.

या यशाचा एक परिणाम मात्र क्वचितच बोलला जातो. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत हे कळपाचे रोग. त्यांच्याशी लढणारी यंत्रणा कळपासाठीच घडली. लस, सुई, थंड पेटी आणि गावोगाव फिरणारा कर्मचारी हे तिचे घटक होते. एका गाईच्या पोटात नेमके काय झाले आहे हे पाहणे हा त्या यंत्रणेचा उद्देशच नव्हता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्याकडे आले, तरी हा साचा फारसा बदलला नाही.

सहकारी दूधव्यवसाय आणि हाताची विद्या

१९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. 'गोकुळ' या नावाने तो पुढे घराघरांत पोहोचला. वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी दूधव्यवसाय उभा राहिला. त्याआधी दूध मुख्यतः शहराभोवतीच्या गवळ्यांकडे होते. पंढरपुरी म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून धार काढून देण्याची कोल्हापूरच्या कट्ट्यांवरची रीत प्रसिद्धच आहे. दूध डोळ्यांदेखत काढलेले हवे, हा कोल्हापूरकरांचा आग्रह. ज्या कासेतून ते येते तिच्या आत काय चालले आहे हे पाहण्याची सोय मात्र कोणाकडेच नव्हती.

सहकारी संघांनी दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला बाजाराशी जोडले. दर दहा दिवसांनी हातात येणाऱ्या दूधबिलाने म्हैस ही घरची शोभा न राहता रोजच्या हिशेबातील वस्तू झाली. मग भाकड काळ किती, माज कधी, गाभण आहे की नाही, हे प्रश्न पैशाचे झाले. त्यांची उत्तरे कृत्रिम रेतनाने आणि त्याच्याबरोबर आलेल्या एका कौशल्याने दिली. भारतात कृत्रिम रेतनाचा पहिला प्रयोग १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केला. महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ'ने हे काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. या पद्धतीत एक हात गुदमार्गातून आत घालून गर्भाशयाचे मुख पकडावे लागते व दुसऱ्या हाताने रेतननळी पुढे सरकवावी लागते. तोच हात पुढे गर्भतपासणी करतो, बीजांडावरचा पीतपिंड चाचपतो, गर्भाशयातील पू ओळखतो.

अनुभवी हाताला दोन महिन्यांच्या आतबाहेरचा गर्भ कळतो. आतड्याच्या पातळ भिंतीपलीकडून घेतलेला हा स्पर्श म्हणजे एक प्रकारचे आंधळे दर्शनच होय. मनुष्याच्या बाबतीत असा हात घालणे शक्य नाही म्हणून दुर्बीण अपरिहार्य ठरली. गाईचे शरीर इतके मोठे की वैद्याचा खांद्यापर्यंतचा हात हेच तिचे यंत्र झाले. त्याला वीज लागत नाही, तो गोठ्यातल्या अंधारात चालतो, आणि लांब प्लॅस्टिकचा मोजा एवढाच त्याचा खर्च. १९८० च्या दशकानंतर पाश्चात्त्य देशांत या हाताच्या मदतीला सोनोग्राफी आली. बीजांडे पाहण्यासाठी दुर्बिणीची जी गरज १९५६ मध्ये वाटली होती ती त्वचा न छेदता भागू लागली.

तारेचा आजार

पोटाच्या रोगांत प्रश्न अधिक बिकट आहे. गाय-म्हैस वैरण ओठांनी निवडत नाही. जिभेने ओढून घेते व प्रथम न चावताच गिळते. त्याबरोबर खिळा, सुई, बांधकामाच्या तारेचा तुकडा आत जातो. जड वस्तू कोठीपोटातून पुढच्या जाळीपोटात पडते आणि तेथील आकुंचनांनी भिंतीत रुतते. जाळीपोटापुढे श्वासपटल आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर हृदय. गाभणपणाच्या अखेरीस किंवा विताना पोटावर ताण येऊन तार पुढे सरकली की हृदयावरणात पू होतो, मानेखालची लोळी सुजते आणि जनावर बहुधा हातचे जाते. कडबाकुट्टी यंत्राने वैरण बारीक होते, पण तिच्यातील तारही टोकदार तुकड्यांत कापली जाते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतकाम व यंत्रकामाच्या उद्योगांनी कोल्हापूरला नाव दिले. अशा परिसरात धातूचे तुकडे वैरणीत मिसळण्याचे मार्ग कमी नाहीत.

या आजाराचे निदान परंपरेने बाह्य लक्षणांवर होते: कोपर बाहेर काढून उभे राहणे, उतारावर चालण्यास नकार, रवंथ बंद होणे, पाठीवर चिमटा घेतला असता कण्हणे. दोघांनी पोटाखालून बांबू धरून वर उचलावा आणि जनावर कुठे विव्हळते ते पाहावे, ही चाचणी पाठ्यपुस्तकात आहे आणि गोठ्यातही. याच ठिकाणी दुर्बीण उपयोगी पडेल असे कोणालाही वाटेल. परंतु मोठ्या गाईच्या कोठीपोटाची धारणशक्ती शंभर लिटरहून कितीतरी जास्त असते व ते आंबलेल्या वैरणीने सदैव भरलेले असते. माणसाला उपाशी ठेवून जठर रिकामे करता येते. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट उपाशीपोटीही रिकामे होत नाही. तोंडावाटे घातलेली नळी त्या गाळात काहीच पाहू शकत नाही. दुसरा मार्ग कुशीतून छेद घेऊन उदरपोकळी पाहण्याचा. जाळीपोटाभोवती चिकटलेले पडदे व गळू त्याने दिसतात, पण आत रुतलेली तार काढता येत नाही.

त्यामुळे शस्त्रक्रियाच अधिक सोयीची ठरली. डाव्या कुशीला भूल देऊन, जनावर उभे असतानाच छेद घ्यावयाचा, कोठीपोट उघडावयाचे, हात घालून जाळीपोट चाचपावयाचे व तार बाहेर काढावयाची. यात निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. मानवी वैद्यकात दुर्बिणीचे मोठेपण मोठा छेद टाळण्यात आहे. गाईच्या कुशीतला मोठा छेद उभ्याउभ्या, तुलनेने कमी खर्चात व बहुतेक वेळा निर्धोकपणे भरून येतो. जेथे छेद स्वस्त तेथे दुर्बीण महाग. पुढे १९९० च्या दशकात झुरिच येथे उएली ब्राउन यांनी सोनोग्राफीने जाळीपोटाची हालचाल व त्याभोवतीचा पू दाखविण्याची पद्धत मांडली आणि निदानाचा आणखी एक भाग दुर्बिणीच्या हातून गेला. तार दिसण्यासाठी क्ष-किरणाचा आधार राहिला, तर प्रतिबंधासाठी जाळीपोटात लोहचुंबक सोडण्याचा साधा उपाय.

येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. लॅपरोस्कोपीत दुर्बीण आत सोडण्यासाठी जे टोकदार नळीचे हत्यार वापरतात, ते 'ट्रोकार' पशुवैद्यांच्या पेटीत फार पूर्वीपासून आहे. पोटफुगीने तडफडणाऱ्या जनावराच्या डाव्या कुशीत ते खुपसून वायू मोकळा करतात. दार उघडण्याचे साधन गाईकडे आधीच होते. त्या दारातून प्रकाश आत नेण्याची वेळ आली नाही, इतकेच.

सडातली दुर्बीण

गाईच्या शरीरात दुर्बिणीने खरोखर आपले स्थान मिळविले ते दोन ठिकाणी. पहिले चौथ्या पोटाच्या, म्हणजे सत्यजठराच्या, सरकण्यात. अधिक खुराक खाणाऱ्या, अधिक दूध देणाऱ्या होल्स्टिन गाईत विण्यानंतर हे पोट वायूने फुगून डावीकडे सरकते. १९९८ मध्ये जर्मनीत यानोवित्स यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने ते जागेवर आणून बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती युरोपात लवकरच रूढ झाली. दुसरे ठिकाण सड. १९९० च्या दशकात प्रामुख्याने जर्मन भाषिक देशांतील पशुवैद्यांनी काही मिलिमीटर जाडीची ताठ दुर्बीण सडात सोडून आतील अडथळा पाहण्याचे व पाहतच कापून काढण्याचे तंत्र विकसित केले.

कोल्हापूरच्या दृष्टीने यातील दुसरे तंत्र अधिक मोलाचे आहे. सडाच्या टोकाशी सुमारे एक सेंटिमीटर लांबीची अरुंद वाट असते व तिच्या वरच्या तोंडाशी अस्तराची नाजूक चक्राकार घडी. बाहेरून कातडी शाबूत असताना आतले हे अस्तर फाटून गुंडाळले गेले की ते झडपेसारखे वाट अडविते. कासेत दूध आहे, सड भरलेले आहे, पण धार येत नाही. अंगठा आत दुमडून सड दाबण्याची आपल्याकडील धार काढण्याची पद्धत अशा इजेस निमंत्रण देते. संपूर्ण मुठीने धार काढावी असा सल्ला पशुवैद्य सातत्याने देत आले आहेत. अडलेल्या सडात अस्वच्छ सळई किंवा काडी घातली गेली, तर अडथळ्याच्या जोडीला कासदाह येतो. दवाखान्यात येणारे उपाय म्हणजे दूध उतरविण्याची नळी आणि बोथट टोकाची बारीक सुरी. दोन्ही आंधळेपणाने चालतात. सुरी किती कापते हे बोटाच्या अंदाजावर. जास्त कापले तर सड गळू लागते, कमी कापले तर पुन्हा बंद होते. कासेच्या अन्य रोगांत चाचणीद्रव्याने दूध तपासून आतली सूज ओळखता येते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅलिफोर्निया चाचणी त्यासाठीच. बंद सडात मात्र दूधच बाहेर येत नाही, म्हणून पाहण्याला पर्याय राहत नाही.

दोन म्हशींच्या घरात एक सड बंद होणे म्हणजे त्या म्हशीच्या दुधाचा सुमारे चौथा हिस्सा जाणे, मागचे सड असेल तर त्याहून अधिक; आणि विकायला काढली तर 'तीन सडी' म्हणून किंमत पडणे. शंभर गाईंच्या युरोपीय गोठ्यात हे नुकसान सरासरीत विरून जाते. येथे ते महिन्याच्या खर्चात लगेच दिसते. म्हणजे सडाच्या दुर्बिणीची आर्थिक निकड ज्याला सर्वाधिक त्याच्यापर्यंत ती पोहोचलेली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात यंत्र ठेवायचे तर प्रकाशस्रोत, निर्जंतुकीकरण, दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे ते हाताळण्याचा सराव असलेला माणूस हवा. श्रेणी-२ च्या दवाखान्यांची भिस्त पशुधन पर्यवेक्षकांवर असते आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग रेतन, लसीकरण व प्रथमोपचार यांचा. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हाही सारी यंत्रणा पुन्हा एकदा लस आणि सुई घेऊन कळपामागे धावली, आणि तसे धावणे योग्यच होते.

दुर्बिणीच्या बाबतीत आणखी एक अंतर आहे, ते जातीचे. कोल्हापूर हा प्राधान्याने म्हशीच्या दुधाचा जिल्हा म्हणून ओळखला गेला; संकरित गाई नंतर वाढल्या. सत्यजठर सरकण्याचा विकार म्हशीत विरळा. उलट, जाळीपोट श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत घुसण्याचा विकार म्हशीत तुलनेने अधिक आढळतो आणि भारतीय पशुशल्यचिकित्सकांनी त्यावर बरेच लिहिले आहे. म्हशीचे सड गाईच्या सडाहून लांब, त्याच्या टोकाचा स्नायू जाड व घट्ट, आणि पान्हा सोडण्यापूर्वी ते जवळजवळ रिकामे असते. होल्स्टिनच्या सडासाठी घडविलेली दुर्बीण तेथे जशीच्या तशी चालेल असे गृहीत धरता येत नाही. उपकरणे जेथे तयार होतात तेथील जनावराचे माप घेऊन ती तयार होतात, आणि म्हैस त्या गोठ्यांत नव्हती.

दरम्यान दुर्बीण महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत स्थिरावत आहे. चेंडू गिळलेल्या कुत्र्याच्या पोटातून तो छेद न घेता काढणे आता नवलाचे राहिलेले नाही. कुत्र्याचे पोट माणसासारखे एककप्पी व रिकामे करता येण्याजोगे, म्हणून माणसाचेच यंत्र तेथे चालते; आणि मालक खर्चाचा हिशेब दुधाच्या लिटरवर मांडत नाही. कोल्हापूर जिल्ह्याला सर्वांत जवळचे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे आहे. सड बंद पडलेली म्हैस कागल, राधानगरी किंवा शाहूवाडीहून तेथवर टेम्पोने न्यायची, तर जाण्यायेण्याच्या भाड्यातच त्या सडाच्या कित्येक आठवड्यांच्या दुधाचे पैसे जातात.